उलकान आपाची वीत

त्या वर्षी कोक-झार गावावर बर्फ पडलं ते हलायचं नाव घेईना. आदल्या उन्हाळ्यात वरच्या कुरणांकडं पावसानं पाठ फिरवलेली, त्यामुळं गवताच्या गंज्या जेमतेम माणसाच्या छातीएवढ्या. फेब्रुवारी निम्मा सरला तोवर उलकान आपाच्या गोठ्यातली साठ मेंढरं बावीसवर आली. मेलेलं एकेक मेंढरू तिचा मुलगा कुबात पाय धरून ओढत बाहेर नेई आणि परत येऊन न बोलता हात धुई. त्यानं आरडाओरडा केला असता, आभाळाला चार शिव्या घातल्या असत्या, तर आईला बरं वाटलं असतं.

एका दुपारी जेवताना तो आईला म्हणाला, "आपा, रस्ता मोकळा झाला की मी रशियाला जातो. मेव्हण्यानं बांधकामावर काम बघून ठेवलंय."

उलकाननं नान मोडून त्याच्यापुढं सरकवला. "आधी खा."

सून पेरिझात चहा ओतत होती. नवऱ्याचं बोलणं ऐकता ऐकता तिचं भान सुटलं आणि वाटी काठोकाठ भरली.

"अगं, हे काय?" उलकान म्हणाली. "काठोकाठ वाटी नको असलेल्या पावण्याला देत्यात, ऊठ बाबा आता म्हणून. घरच्याला अर्धी द्यावी, त्यानं परत परत मागावी. तूच त्याला घालवायला निघालीस व्हय?"

पेरिझात ओशाळली. निम्मा चहा तिनं आपल्या वाटीत ओतून घेतला आणि मान खाली घालून प्यायली.

कुबातला थांबवील अशी एकच गोष्ट गावात होती, आणि ती शाळेच्या जुन्या बॉयलरखोलीत उभी होती.

कोक-झारच्या लोकरीला कित्येक वर्षं कुणी विचारत नव्हतं. जाडीभरडी, पांढरी-काळी-तपकिरी लोकर. व्यापारी बघूनच नाक मुरडत. कातरणी झाली की लोक ती ओढ्यात टाकत, नाहीतर जाळत, आणि दोन दिवस गावभर केस जळाल्याचा वास सुटे. शाळेचे मुख्याध्यापक इस्मानअली आगाय, म्हणजे इस्मानअली गुरुजी, यांना तो वास सोसवेना. पानगळीच्या दिवसांत ते जिल्ह्याच्या गावी गेले, तिथल्या हुन्नर शिकवणाऱ्या शाळेत, लिसियममध्ये, दोन दिवस ठाण मांडून बसले आणि सौदा जमवूनच परतले. गावच्या शाळेनं खोली द्यायची. लिसियमनं लोकर पिंजायचं नि नमदा, म्हणजे लोकरीचं जाड कापड, दाबायचं यंत्र द्यायचं. लोकर गावाची. आणि गावच्या बारा बायकांनी नमद्याची नक्षीदार जाजमं, म्हणजे शिर्दाक, करायला शिकायचं. एप्रिलात परीक्षा. बाराजणींनी बारा चौकोन करून एक मोठं शिर्दाक जोडायचं, लिसियमच्या पाहुणखोलीच्या मापाचं. पास झाल्या तर खोलीचा कारखाना होणार, यंत्र गावात राहणार आणि यंत्रावरचा माणूस पगारी होणार. नापास झाल्या तर यंत्र ट्रकवर चढून नदीपलीकडच्या गावाला जाणार.

यंत्रावरचा माणूस कुबात होता. मेंढरांच्या मरण्यानं गेलेली त्याची उमेद त्या यंत्रानं थोडीथोडी परत दिली होती. पट्टे, दाते, रूळ यांच्याशी तो घरच्यापेक्षा जास्त बोलायचा. "यंत्र राहिलं तर मी राहीन," असं तो इस्मानअली आगायना म्हणाला होता, आणि आगायनी ते उलकानला सांगितलं होतं.

शिकवणारीचा प्रश्नच नव्हता. शिर्दाकाची नक्षी रेघ न मारता, नजरेनं कापणारी बाई पंचक्रोशीत एकच उरली होती. उलकान आपा, अडुसष्ट वर्षांची, ठेंगणी, गुडघे दुखरे, जीभ मात्र धडधाकट.

"ए, नमदा मळतीस का नवऱ्याचे पाय दाबतीस?" ती ओरडायची. "जोर लाव! ही लोकर हाय, सासू न्हाई, हिला लाडीगोडी समजत न्हाई!"

खोलीत उकळत्या पाण्याची वाफ, ओल्या लोकरीचा उग्र वास. यंत्रानं दाबलेला नमदा शेवटी हातानंच घट्ट करावा लागे. बायका गुडघ्यांवर बसून, कोपरापासून मनगटापर्यंतचा हात टेकवून गुंडाळी पुढं-मागं लोटत. हात टोमॅटोसारखे लाल होत. मग वाळलेल्या नमद्याचे दोन थर, एक पांढरा नि एक काळा, एकावर एक ठेवायचे आणि एकाच सुरीनं दोन्ही एकदम कापायचे. पांढऱ्याची शिंगं काळ्याच्या भोकात बरोब्बर बसत. कापणारी एकटी उलकान. ती सुरी दुसऱ्या कुणाच्या हाती गेली नव्हती. पेरिझात अकरा वर्षं सासूच्या शेजारी बसून शिवत आली होती, पण कापायला तिनं कधी मागितलं नाही आणि उलकाननं कधी विचारलं नाही.

बाराजणी सगळ्या गावच्या सुना, पेरिझात त्यांतलीच. उलकानचं नाव त्यातली एकही तोंडातून काढत नसे. सासरच्या वडीलधाऱ्या बाईचं नाव घ्यायचं म्हणजे जीभ झडायची. 'मोठी आई' म्हणत, 'त्या' म्हणत. उलकानही आपल्या सुनेला 'बाळ' म्हणे, रागात असली तर 'ए बये'. अकरा वर्षांत नाव घ्यायची गरज पडली नव्हती.

मापाचं भांडण पहिल्याच आठवड्यात लागलं होतं. "चौकोन तीन वितींचा," उलकाननं सांगितलं, आणि बाराजणींनी आपापल्या वितीनं मापले. कुणाचा मोठा, कुणाचा आखूड. लिसियमची शिक्षिका वेनेरा, तिशीतली, गळ्यात नेहमी मापाची फीत टाकलेली, हळूच म्हणाली, "आपा, फितीनं मापूया का? मी तुमच्या घरच्या शिर्दाकावरून माप घेऊनच ठेवलंय, सहासष्ट सेंटीमीटर."

"फितीला हाडं हायेत का?" उलकान म्हणाली. "माझ्या सासूनं वितीनं मापलं, तिच्या सासूनं वितीनं मापलं. तूच म्हणतीस ना, माझ्या घरचं शिर्दाक बघून माप ठरवलं म्हणून? मग ते शिर्दाक कुणाच्या वितीचं? माझ्याच! आजपास्नं सगळ्यांचे चौकोन मी मापणार. संपलं."

वेनेरा गप्प बसली. मोठ्या माणसापुढं गप्प बसायचं वळण तिलाही होतंच. आणि तसंही सगळे चौकोन एका हातानं मापलेले, एकसारखे होणार होते. पहिल्याच दिवशी एकावर फीत टाकली असती तर बरं झालं असतं, पण टाकली नाही.

मार्चअखेर बारावा चौकोन शिवून झाला. कुबातनं खालचा जाड नमदा, ज्यावर सगळे चौकोन बसवायचे तो, वेनेराच्या आकड्यानुसार आधीच दाबून ठेवला होता. चारजणींनी तो खोलीभर पसरला. वर चौकोन मांडायला लागल्या. तीन ओळी, ओळीत चार. बायका आधी हसत होत्या, मग एकेकीचं हसू विरलं.

चौकोन सगळे एकसारखे होते. सगळेच लहान होते. मांडून झाल्यावर खालचा नमदा दोन बाजूंना वीतवीतभर उघडा राहिला.

"तळ मोठा झालाय," उलकान म्हणाली. "कुबात, माप चुकलास रं."

"न्हाई आपा," कुबात यंत्राजवळून म्हणाला. त्याचा आवाज अगदी मऊ होता, आणि तोच तिला जास्त लागला.

वेनेरानं गळ्यातली फीत काढली, एका चौकोनावर ठेवली. मग दुसऱ्यावर. तिसऱ्यावर ठेवताना तिचे कान लाल झाले. "साठ आहे, आपा. सहासष्ट पाहिजे होता."

"फीत खोटी हाय तुझी!"

बारा सुना जमिनीकडं बघत राहिल्या. वाफेच्या हंड्यावरचं झाकण तेवढं खडखडत होतं. परीक्षेला अकरा दिवस होते आणि चांगल्या लोकरीचं पोतं संपत आलं होतं. कुबातनं हात पुसले, टोपी घातली आणि बाहेर निघून गेला. तो मेव्हण्याला फोन करायला गेला हे सगळ्यांना कळलं.

"थांबा," उलकान म्हणाली. "माझं शिर्दाक घरी हाय. आत्ता जाऊन मापून येती. मग बघू कोण खोटं."

ती चिखलातून घरी गेली. वितळत्या बर्फाचं पाणी बुटात शिरत होतं, गुडघा कुरकुरत होता, पण रागानं तिला रस्ता कळला नाही. घरात येऊन तिनं भिंतीवरचं शिर्दाक खाली ओढलं. नवी नवरी असताना, सासूच्या देखरेखीखाली केलेलं पहिलं शिर्दाक. चौकोन तीन वितींचा. सासूनं तिथंच उभं राहून मापून घेतलं होतं.

उलकाननं अंगठा कडेला टेकवला, करंगळी ताणली. एक वीत. दोन. तीन. तिसऱ्या वितीनंतरही नक्षी उरली, चार बोटं तरी रुंद.

तिनं पुन्हा मापलं. हात ताणला, इतका ताणला की बोटांच्या सांध्यांत कळ आली. पुन्हा तेवढंच उरलं. मग तिनं हात उजेडात धरला. पेरं सुजलेली, करंगळी आत वळलेली, अंगठा सरळ होत नव्हता. हे ती रोज बघत होती. पण वीत कमी झाली असेल असं तिच्या मनाला कधी शिवलंच नव्हतं. शिर्दाक तसंच होतं, हात आखडला होता. बारा बायकांचे दोन महिने तिच्या हट्टापायी फुकट गेले होते, आणि त्यांच्याबरोबर मुलगाही चालला होता. उलकान त्या शिर्दाकावर बसली आणि रडली. तिला स्वतःचीच भयंकर लाज वाटली.

पेरिझात गोवऱ्या न्यायच्या निमित्तानं मागोमाग आली होती. दारात बूट काढून आत आली आणि सासूच्या शेजारी बसली.

"किती दिवस ठाऊक हाय तुला?" उलकाननं न बघता विचारलं.

"काय, आपा?"

"सोंग नको करूस."

पेरिझात ओढणीचं टोक चाळवत म्हणाली, "गेल्या हिवाळ्यापास्नं. तुमच्या हातचे नान लहान व्हायला लागले. तुमी वितीवर मापूनच थापता ना. मग मी गुपचूप एक नान जास्त भाजायला लागले."

"आणि चौकोनांचं?"

"तेवढं न्हाई आलं ध्यानात. आलं असतं तर..." तिनं ओढणीच्या टोकाला गाठ मारली. "तर बी बोलले नसते बहुतेक. सासूला कोण सांगणार, तुमचा हात आखडला म्हणून?"

उलकानला रडता रडता हसू आलं. "मला वाटायचं पिठातच खोट हाय. दुकानदाराला दोनदा शिव्या घातल्या मी."

"ऐकल्या. गल्लीभर ऐकल्या."

पेरिझातनं सासूचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि सुजलेली पेरं एकेक करून चोळायला लागली. चोळता चोळता खाली बघत म्हणाली, "आपा, एक सांगू का? चौकोन मोडायला नकोत. चारच बोटं कमी हायेत. प्रत्येकाला चारी बाजूंनी दोन-दोन बोटांची किनार लावली तर? तपकिरी नमद्याची. आपल्या मेलेल्या मेंढरांची कातरून ठेवलेली लोकर हाय ना शेडात, ती तपकिरीच हाय."

"किनारीवर नक्षी काय? नुसती पट्टी लावलीस तर ठिगळ दिसंल."

पेरिझात चुलीकडं सरकली. तिनं राखेत बोटानं एक वळण काढलं. मेंढराची शिंगं, पण पाठीला पाठ लावलेली नाहीत, एकमेकांत हात गुंफल्यासारखी. उलकाननं खाली वाकून ते निरखलं.

"हे कुठं शिकलीस?"

"शिकले न्हाई. अकरा वर्षं शिवताना मनात काढायची."

"आणि तोंड शिवलं होतं व्हय तुझं, अकरा वर्षं?" उलकान उठली. पिठाच्या डब्यात बोटं बुडवून तिनं सुनेच्या उजव्या तळव्यावर पीठ चोळलं, जसं तिच्या सासूनं तिच्या तळव्यावर चोळलं होतं. दोन्ही हात पसरून पुटपुटली, "हात चालो, सुरी चालो, कापलेलं वाया न जावो. आमीन." मग कमरेची सुरी काढून तिनं सुनेपुढं जमिनीवर ठेवली.

पेरिझातनं ती उचलून आपल्या कमरेला खोचली.

पुढचे दहा दिवस बॉयलरखोलीत कुणाला पाठ टेकायची फुरसत नव्हती. मेलेल्या मेंढरांची लोकर बायकांनी गरम पाण्यात चार-चारदा धुतली. वेनेरा जिल्ह्याच्या गावी परत न जाता इस्मानअली आगायांच्या घरीच राहिली आणि बाह्या सरसावून लोकर पिळायला बसली. तिसऱ्या दिवशी यंत्राचा पट्टा तुटला. नवा मागवायचा तर आठवडा गेला असता. कुबातनं घोड्याच्या खोगिराचा पट्टा काढून, जुळवून, शिवून बसवला. मेव्हण्याला त्यानं होकार कळवून टाकला होता, तरीही बसवला. उलकान त्याच्याकडं बघत राहिली. तिला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं, पण बाराजणींसमोर तिनं फक्त चहा पाठवला.

पेरिझात कापत होती. पहिल्या दिवशी एक पट्टी बिघडली. सगळ्यांनी उलकानकडं बघितलं, आता भडका उडणार म्हणून. उलकाननं ती पट्टी उचलून आपल्या गुडघ्याला बांधली. "बरं झालं, ऊब मिळंल," म्हणाली. त्यानंतर पट्टी बिघडली नाही. माप वेनेराच्या फितीनं घेतलं जाई आणि फीत धरायची उलकाननं. तो हट्ट मात्र तिनं सोडला नाही.

परीक्षेच्या दिवशी लिसियमची गाडी गावाबाहेर चिखलात रुतली, ती ट्रॅक्टरनं ओढून आणावी लागली. परीक्षा घेणाऱ्या कमिशनचे प्रमुख कासिमबेक उतरले तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल आणि चेहऱ्यावर आठ्या. खोलीत आल्यावर त्यांनी बूट काढले, शिर्दाकाभोवती फेरी मारली, मग मोज्यांनिशी वर चढून कोपऱ्या-कोपऱ्यावर पाय दाबून बघितलं. वरची नक्षी तळावर नखभरही कमी-जास्त नव्हती. त्यांनी खाली बसून किनारीवरून बोट फिरवलं.

"शिवण चांगली आहे," ते म्हणाले. हे ऐकून बाराजणींनी एकदम श्वास सोडला. कासिमबेकनी कागद काढला. "आता अर्ज भरू. शिकवणाऱ्या कारागिराचं नाव?"

बाराजणी एकमेकींकडं बघायला लागल्या.

"तू सांग," त्यांनी पहिलीला विचारलं. "कुणी शिकवलं?"

"मोठ्या आईनं."

"नाव काय त्यांचं?"

ती लाल झाली आणि शेजारणीच्या मागं लपली. शेजारीण म्हणाली, "ते काय, दाराशी बसल्यात ना, त्या." तिसरी म्हणाली, "कुबातच्या आई."

"दाराशी बसल्यात असं कागदावर लिहू का मी?" कासिमबेक चिडले. "बाराजणींना आपल्या गुरूचं नाव ठाऊक नाही? मग शिकवलं कुणी? नावाशिवाय सही होत नाही!"

वेनेराला परीक्षेत मधे बोलायची मुभा नव्हती. ती ओठ चावत उभी. कुबात यंत्राला टेकून आईकडं बघत होता. उलकान दाराशी मांडी घालून बसली होती. तिनं त्या साहेबाला जरा वेळ तसंच तळमळू दिलं. सुना साहेबापुढंही नाव घेत नव्हत्या, एवढा मान जन्मात पुन्हा मिळणार नव्हता.

मग ती म्हणाली, "साहेब, यांच्यावर चिडू नका. सुना हायेत, माझं नाव घेत न्हाईत. तुमची बायको तुमच्या आईचं नाव घेती का?"

कासिमबेक एकदम हसले. "छे, माझी आई चुलीतलं लाकूड फेकून मारेल."

"मग लिहा. उलकान. पण पुरतं लिहा. चौकोन माझे, तीन वितींचे. वीत आखडली म्हणून कमी पडले. किनार माझी न्हाई."

हे सांगायची गरज नव्हती. कासिमबेकना ते कधी कळलंही नसतं.

"मग कुणाची?" त्यांनी लिहिता लिहिता विचारलं. "आणि या नक्षीला काय म्हणतात? मी इतकी गावं हिंडलो, ही नाही पाहिली."

पेरिझात पुटपुटली, "तिला अजून नाव न्हाई."

"हाय की," उलकान म्हणाली. आवाज तिनं मुद्दाम मोठा काढला. "लिहा, साहेब. पेरिझात. हिनं काढली, हिनं कापली, आन् नक्षीचं नाव बी तेच. पेरिझात."

अकरा वर्षांत पहिल्यांदा सासूच्या तोंडून आपलं नाव ऐकून पेरिझातनं ओढणीनं तोंड झाकलं. बाराजणींतल्या कुणी हसायला लागल्या, कुणी डोळे पुसायला. कासिमबेकनी दोन्ही नावं लिहिली, 'पास' असा शेरा लिहिला, सही केली, शिक्का मारला आणि शिक्क्याच्या शाईवर फुंकर घातली.

मग खोलीतच जेवणाचं दस्तरखान पसरलं. नान, लोणी, गरम तळलेले बोर्सोक, आगायांनी कापलेल्या बोकडाचा रस्सा, शोरपो. बाहेर पागोळ्या टपटपत होत्या. पेरिझात किटली घेऊन बसली आणि अर्धी-अर्धी वाटी ओतून एकेकाकडं देऊ लागली. कुबातची वेळ आली तेव्हा तिनं तळ जेमतेम झाकेल एवढाच चहा ओतला.

कुबातनं वाटीत वाकून बघितलं. "एवढाच?"

"संपला की परत माग," उलकान म्हणाली. "तुला कुठं जायचंय?"

कुबातनं चहा एका घोटात संपवला आणि वाटी बायकोपुढं धरली.